आईच्या अकरा दुपारी

दि. ३, मंगळवार

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे तुझी आई ठणठणीत आहे आणि मी आहे तसा आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. आई म्हणते, "तुमच्यासारखाच आहे. सोयीनं बोलतो."

फोनच केला असता, पण फोनवर माझी गाडी 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही हे तुला माहीत आहे. शिवाय आई शेजारी कान लावून बसते आणि मी काही बोललो की मागून दुरुस्त करते. म्हणून पत्र. मोरीचा नळ अजून गळतोय, त्याच्याखाली बादली ठेवली आहे. बादली भरते की काय म्हणून मी दर अर्ध्या तासानं उठून बघतो. दाराची कडी तर विचारूच नकोस. तुझं पत्रसुद्धा मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा आई म्हणाली, "अहो, अक्षरं झिजतील."

तू जे लिहिलंस ते मला नीट समजलं का ते बघ. सातवी पास माणसाची समज आहे, चुकलं तर हसू नकोस.

तुमचा तो उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. वरून खालपर्यंतची सगळी हवा तो एकदम बघतो. त्यात काचेच्या भट्टीतून निघतो तसला तपकिरी वायू एकूण किती आहे ते त्याला दिसतं, पण तो जमिनीलगत आहे की वर आहे ते सांगता येत नाही. मी आपल्या मनाशी विहीर धरली. वरून डोकावलं तर पाणी गढूळ आहे एवढं दिसतं. गाळ तळाशी आहे की वर तरंगतोय ते सांगायला खाली उतरलेला माणूस लागतो. संगणकातलं तुमचं मॉडेल गाळ कुठे असावा याचा हिशेबी अंदाज देतं, आणि तो अंदाज खरा की खोटा हे जमिनीवरची नोंद सांगते. आपल्या अख्ख्या दरीत जमिनीवरची नोंद एकच आहे. टेकडीवरच्या हवा-केंद्राची. म्हणजे माझी.

आता घोळ असा की उपग्रहाला आपल्या दरीत दुपारी तो वायू भरपूर दिसतो आणि माझ्या नोंदीत तो जवळजवळ नाहीच. बरोबर? तुझा तो चष्मेवाला सहकारी म्हणतो नोंद चुकीची असणार. आणि तू भर बैठकीत त्याला म्हणालीस, "माझ्या बाबांनी बावीस वर्षांत एक तास चुकवलेला नाही."

हे वाचताना मला ठसका लागला. आई पाणी घेऊन आली.

तू लिहितेस की शेवटी सगळ्यांनी तुझं मानलं. माझी नोंद खरी धरायची आणि उपग्रहाचा आकडा तिच्या मापानं खाली आणायचा. आणि एकदा तो हिशेब मॉडेलात बसला की जगात जिथे जिथे अशी दरी आहे, खाली कारखाना आहे आणि जवळ मोजणारं कुणी नाही, तिथेही तोच हिशेब लागणार. महिनाअखेरीला ते पक्कं होणार. त्याआधी नोंदी कशा घेतल्या जात ते मी माझ्या हातानं लिहून सही करून पाठवावं, एवढंच तू मागितलंस.

लिहितो. सकाळी सातला मी केंद्राचं कुलूप उघडायचो. आपली खोली शेजारीच, त्यामुळे उशीर होण्याचा प्रश्न नव्हता. आधी पंपाचा आवाज ऐकायचा, मग गाळणीचा कागद बघायचा, मग दर तासाला यंत्राच्या काचेवरचा आकडा रजिस्टरात. खाली कार्बन, म्हणजे दोन प्रती. वरची महिन्याच्या महिन्याला कचेरीत, खालची केंद्रात. तुला आठवत असेल, शाळेतून आलीस की तू कार्बन कागदाला हात लावायचीस आणि मग आईच्या पदराला. त्या आकड्यांवरूनच तू पहिला आलेख काढलास, पाठकोऱ्या कागदावर. मी तो वर्षभर भिंतीला लावला होता.

दुपारचं तसं विशेष काही नाही. ऊन फार असायचं, नळीला ऊन लागू नये हे बघावं लागायचं. असो. पाचला कुलूप.

सहीचा कागद यासोबत पाठवत नाही. घरात चांगला कागद नाही, आणि असल्या कामाला वहीचं पान बरं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात आणतो.

तो चष्मेवाला कसा माणूस आहे? मला तो हुशार वाटतो. त्याच्याशी फार भांडू नकोस.

तुझा
बाबा


दि. १२, गुरुवार

चि. ठकूस,

आशीर्वाद. मी चांगला कागद शोधत बसेन हे ओळखून तू कागद छापूनच पाठवलास. अगदी आईवर गेली आहेस. फक्त सही करायची, खाली फुलीसुद्धा करून ठेवलीस.

त्यातली तिसरी ओळ अशी आहे: 'हवा घेणारी नळी सर्व काळ खोलीबाहेर, जमिनीपासून तीन मीटर उंचीवर होती.'

ठकू, मी सोमवारी सकाळी टेबलापाशी बसलो. पेनात शाई होती. मंगळवारी पुन्हा बसलो. आईनं विचारलं, "सही करताय की नक्षी काढताय?" बुधवारी आमच्या समोरच्या घराचा रंगारी शिडीवर उभा राहून भिंत खरवडत होता. नवा रंग लावायच्या आधी जुना सुटा रंग काढावाच लागतो, नाहीतर वरचा टिकत नाही. तो तासभर नुसता खरवडत होता आणि मी तासभर त्याच्याकडे बघत होतो. आज लिहायला बसलो आहे.

नळी सर्व काळ बाहेर नव्हती.

आता एका दमात सांगतो, नाहीतर पुन्हा उठून बादली बघायला जाईन. आपल्या टेकडीवर सकाळी वारा वरून खाली उतरतो. ऊन चढलं की उलटा, दरीतून वर येतो. आणि काचेच्या कारखान्याची मोठी भट्टी बारा वाजता तोंड उघडायची. तो सगळा धूर उतार चढून थेट आपल्या नळीपाशी यायचा, बारा ते साडेतीन-चार. नवं यंत्र आलं त्या पहिल्याच वर्षी गाळणीचा कागद दुपारभरात काळा व्हायचा आणि एक दिवस पंपच अडकला. यंत्र दुरुस्तीला गेलं ते चार महिन्यांनी आलं. कचेरीतले साहेब स्वतः टेकडी चढून आले, तेही घामाघूम होऊन. म्हणाले, "निरीक्षक, हे यंत्र पुन्हा बिघडलं तर दुरुस्त होणार नाही. केंद्र बंद होईल. मग तुम्ही कसलं निरीक्षण करणार, ढगांचं?"

केंद्र बंद म्हणजे नोकरी गेली, राहती खोली गेली, तुझी शाळा गेली. सातवी पास माणसाला दुसरं कोण विचारणार? माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी त्या दिवसापासून यंत्राची अशी काळजी घेतली, जशी कुणी पोटच्या पोराची घेणार नाही. धूर वर यायला लागला की भिंतीतल्या भोकातून नळी आत ओढायची, भोकात फडकं कोंबायचं, खिडकी लावायची. यंत्र खोलीतली हवा घ्यायचं. खोलीत सकाळचीच हवा भरलेली, स्वच्छ. आकडा हळूहळू थोडा चढायचा, पण फार नाही. चार वाजता नळी पुन्हा बाहेर.

मी एकही आकडा मनचा लिहिला नाही, ठकू. काचेवर जो दिसला तोच लिहिला. आकडे खरे होते, हवा दुसरी होती.

केंद्र बंद होईपर्यंत नऊ वर्षं. धुराची प्रत्येक दुपार.

एकदा तू शाळेतून लवकर आलीस आणि विचारलंस, "बाबा, नळी आत का?" मी म्हणालो, "तिला ऊन लागतं." तू मान डोलावलीस. सात वर्षांची होतीस, बाप म्हणतो म्हणजे खरंच असणार. मागच्या पत्रात मी तेच पुन्हा लिहिलं, आता तू मोठी झालीस तरी. ते लिहिताना मला वाटलं, तुला आठवेल आणि तूच विचारशील. म्हणजे मला सांगावं लागणार नाही. केवढा शूर तुझा बाप.

तेव्हा मला वाटायचं यात कुणाचं काय वाईट आहे? यंत्र वाचतंय, केंद्र चालू आहे, रजिस्टर भरलंय. उत्तम देखभालीचं प्रशस्तिपत्रकसुद्धा मिळालं, ते अजून दाराच्या वर टांगलेलं आहे. हवा मोजायचं यंत्र आणि मी त्याला हवेपासूनच जपत होतो, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिरलं असेल तर मी ते बाहेर घालवलं. आज तुझं पत्र वाचून कळतं की माझ्या त्या फडक्याचा बोळा आपल्या भिंतीतच राहिला नाही. तू तो उपग्रहाच्या डोळ्यावर बांधायला निघाली आहेस. आणि कुठल्या कुठल्या दऱ्यांतल्या माणसांना तुमचं मॉडेल सांगणार की तुमच्याकडे दुपारी हवा बरी असते.

ते पक्कं होऊ देऊ नकोस. तुझा छापलेला कागद सहीविना परत पाठवतो आहे. चष्मेवाला बरोबर होता.

नळीचं सांगितलं. सगळं सांगितलं असं मात्र समजू नकोस.

बाबा


दि. २१, शनिवार

चि. ठकूस,

आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी आलं. पाकीट पातळ होतं, मला वाटलं आत शिव्यासुद्धा नाहीत. मग वाचलं. "बाबा, तुम्ही काळजी करू नका. आपण तुमचं केंद्र या कामातून वगळतो. नोंदी अपुऱ्या आहेत एवढंच लिहिते. कुणाला काही कळणार नाही."

वाचून मला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. जेवणात दोन घास जास्त गेले. आई म्हणाली, "आज काय, पेन्शन वाढली?" मग दुपारी बारा वाजले आणि मला उगाचच खिडकी लावावीशी वाटली. इथे खाली, गल्लीत राहायला येऊन इतकी वर्षं झाली, भट्टी अजून बारालाच तोंड उघडते. हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. माझ्या लक्षात आलं की तू तेच करते आहेस. नळी आत ओढते आहेस. माझ्यावरच्या मायेनं, पण नळी आतच.

तेव्हा नाही. वगळायचं नाही. नीट ऐक, आता मी बोलतो आणि तू लिहून घे.

पहिलं. मी भित्रा माणूस. उद्या कुणी विचारलं तर उत्तर असावं म्हणून नळी आत-बाहेर केल्याची वेळ मी एका वेगळ्या वहीत लिहायचो. 'आत १२.१०. बाहेर ३.४०.' दुसरं काही नाही. कुणी कधी विचारलं नाही. वर्षाला एक अशा नऊ वह्या आहेत. केंद्र बंद झालं तेव्हा कार्बनच्या प्रती रद्दीत काढल्या होत्या, त्याही मी ट्रंकेत भरून आणल्या. आई म्हणाली होती, "कपडे कुठे ठेवायचे, तुमच्या खांद्यावर?" त्या वह्यांवरून तुला एकेक तास वेगळा करता येईल. नळी आत असलेले तास काढून टाक. सकाळच्या नोंदी खऱ्या आहेत, त्यांना हात लावू नकोस. ज्या दुपारी भट्टी दुरुस्तीला बंद होती किंवा वारा उलटा होता, त्या दिवशी नळी बाहेरच आहे. ते एक आणि दोन वाजताचे आकडे उपग्रहाशी लावून बघ. मला मॉडेलातलं कळत नाही, पण वाण्याच्या तराजूचा संशय आला तर आपण काय करतो? खात्रीचं वजन घालून बघतो. तेवढं मला कळतं.

दुसरं. स्वच्छ दिवस जुळले तरी चष्मेवाला म्हणेल, धुराच्या दिवसाचं काय? माझ्याकडे धुराच्या अकरा दुपारी आहेत.

हेच ते मागच्या पत्रात राहिलेलं.

त्या नऊपैकी सहाव्या वर्षी मला कावीळ झाली होती, तू तेव्हा मावशीकडे होतीस. मी दवाखान्यात अकरा दिवस होतो. रजिस्टर कोरं दिसलं तर साहेब बदली माणूस पाठवतील आणि तोच कायम होईल या भीतीनं मी तापात बडबडत होतो. आईनं ते ऐकलं आणि कुणाला न विचारता केंद्र उघडलं. सात ते पाच, दर तासाला, अकरा दिवस तिनं नोंदी घेतल्या. वर्षानुवर्षं दारातून बघत होती, तिला सगळं येत होतं. तिचा पाचाचा आकडा माझ्यापेक्षा पोट सुटलेला आहे, लगेच ओळखू येतो.

मी परत आलो आणि रजिस्टर उघडलं. माझ्या दुपारी नऊ, दहा, फार तर अकरा. तिच्या एक्केचाळीस, सेहेचाळीस, बावन्न. सलग अकरा दुपारी. तिनं नळी आत घेतलीच नव्हती.

मी काय केलं? लाल पेन घेतलं, त्या दुपारच्या रकान्यांवर रेघ मारली आणि लिहिलं, 'यंत्रात बिघाड.' कचेरीत त्या जागा कोऱ्या झाल्या. आईला सांगितलं, छान घेतल्यास नोंदी.

दोन महिन्यांनी खालच्या गल्लीतल्या नर्सताई टेकडी चढून आल्या. तुला त्या आठवतील, तुझ्या गुडघ्याला टाके त्यांनीच घातले होते. गल्लीतल्या लोकांच्या सह्या घेऊन त्यांनी कारखान्यावर तक्रार केली होती. मुलांना खोकला, म्हाताऱ्यांना दम. साहेबांनी माझ्या रजिस्टराची नक्कल काढून त्यांना दिली होती, खाली माझी सही, 'नक्कल बरोबर आहे.' हवा स्वच्छ. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. त्या अकरा कोऱ्या जागांवर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, या दिवसांत काय झालं? याच दिवसांत माझ्या दारात पोरांची रांग होती."

मी म्हणालो, "यंत्र बंद होतं."

त्यांनी कागदाची घडी घातली. जाताना पायरीवर वळून म्हणाल्या, "तुमचं यंत्र नक्की कुठली हवा खातं हो?" त्यांना नळीचं माहीत नव्हतं. रागानं बोलल्या. पण मला तेव्हापासून ते वाक्य झोपू देत नाही. तक्रार फेटाळली गेली. भट्टी होती तशी राहिली. ठकू, नळी आत घेतली तेव्हा मी घाबरलेला होतो, आणि अडाणीही. पण लाल रेघ मारली तेव्हा मला सगळं समजत होतं. साहेबांवर ढकलत नाही. ते आता नाहीत, आणि असते तरी पेन माझ्या हातात होतं.

तुझं पत्र आलं त्याच बुधवारी संध्याकाळी मी आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला माहीत होतं ना, धूर आला की मी नळी आत घेतो?"

"रोज बघत होते की."

"मग त्या अकरा दिवसांत तू का नाही घेतलीस?"

"यंत्र कशाला ठेवलं होतं? हवा मोजायला ना? का खोलीचा वास घ्यायला?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं उशीचा अभ्रा झटकला. "बोलले होते. मी म्हणाले होते, अहो, माझं धुणं अकराला वाळत घातलं तर चारला पुन्हा धुवावं लागतं, आणि तुमचं यंत्र म्हणतं हवा चांगली. तुम्ही म्हणालात, धुणं काय, ते काही सरकारी नाही." मग घडी घालता घालता म्हणाली, "लाल रेघही बघितली मी. मला वाटलं, माझेच आकडे चुकले असतील. मी काय शिकलेली."

 इतकी वर्षं ती समजत होती की तिचं चुकलं.

काल सकाळी ट्रंक उघडली, कार्बनची ती पानं काढली. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढल्या आणि नर्सताईंकडे गेलो. आता त्या घरीच असतात, कमरेला पट्टा असतो, तरी सकाळी दोन तास ओसरीत बसून गल्लीतल्यांचा रक्तदाब बघतात. दोन माणसं माझ्या पुढे होती. मी रांगेत बसलो. पळून जावंसं तीनदा वाटलं, तिन्ही वेळा गुडघा आडवा आला. काल तो सोयीनं बोलला नाही.

माझा नंबर आला तेव्हा त्यांनी दंडाला पट्टा बांधायला घेतला. मी म्हणालो, "ताई, तपासायला नाही आलो. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं यंत्र कुठली हवा खातं. खोलीतली." आणि सगळं सांगितलं, नळी, फडकं, कावीळ, रेघ. पानं पुढे ठेवली.

त्यांनी पानं वाचली. फार हळू वाचली, एकेका तारखेवर बोट ठेवून. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली.

"यातला चौथा दिवस," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी एका पोराला पाठुंगळी घेऊन मोठ्या दवाखान्यात पळाले होते. वाचला तो. आता कारखान्यातच कामाला आहे." त्यांनी पानं जुळवून खाली ठेवली. "काका, मी तुम्हाला माफबिफ करणार नाही."

"नका करू," मी म्हणालो. "मी त्यासाठी आलो नाही."

"मग कशासाठी आलात?"

"सही करायला."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. आत जाऊन पेन आणलं आणि म्हणाल्या, "ठळक करा. मागच्या खेपेसारखी कोपऱ्यात नको." मी अकराही झेरॉक्सवर केली. त्या नवीन तक्रार लिहिणार आहेत, मी साक्षीला जाणार आहे. मला तिथे काय विचारतील, पेन्शनचं काही करतील का, हे सगळं मनात येतं. मी आधी कधी असल्या ठिकाणी गेलेलो नाही. भीती वाटते. वाटू दे. भीती वाटली म्हणून खिडकी लावायची नाही, एवढं ठरवलं आहे.

आता तुझं. चार लोकांत तू बापाची बाजू घेतलीस आणि बाप असा निघाला, तुला मान खाली घालावी लागेल हे मला कळतं. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. पण तुमच्या बैठकीत दुसऱ्या कुणी ही चूक शोधली तर मान जाईल. तू स्वतः उठून सांगितलीस तर जाणार नाही. नोंदी अपुऱ्या आहेत असं लिहू नकोस. त्या अपुऱ्या नाहीत, अर्ध्या खोट्या आणि अर्ध्या खऱ्या आहेत, आणि कुठल्या कुठल्या ते वहीत आहे. माझं केंद्र वगळलंस तर उपग्रहाच्या बाजूनं बोलायला दरीत कुणीच उरत नाही. आईच्या अकरा दुपारी घाल त्यात. जिथे मोजणारं कुणी नाही तिथल्या लोकांसाठी तेवढ्या तरी घाल. आणि चष्मेवाल्याला माझ्याकडून चार चांगले शब्द सांग.

सोबत निवेदन आहे, तुझ्या छापील कागदावर नाही, वहीच्याच पानावर. त्यात तिसरी ओळ मी अशी लिहिली आहे: 'धुराच्या दुपारी हवा घेणारी नळी मी स्वतः खोलीत घेत असे. त्या वेळा सोबतच्या नऊ वह्यांत आहेत. सहाव्या वर्षीच्या अकरा दिवसांच्या नोंदी माझ्या पत्नीनं घेतल्या, त्या वेळी नळी बाहेर होती. यंत्रात बिघाड नव्हता. लाल रेघ मी मारली.'

त्या अकरा पानांवर 'नोंद घेणार' असा रकाना आहे, तो रिकामाच राहिला होता. आज सकाळी पार्सल बांधायच्या आधी मी पानं आईपुढे ठेवली. म्हणाली, "आत्ता? इतक्या वर्षांनी?" म्हटलं, "हो. आकडे तुझे बरोबर होते." तिनं हात पदराला पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि अकराही पानांवर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, कुठेही न थांबता. मग म्हणाली, "शाई वाळू द्या, लगेच घडी घालू नका." मी पंख्याखाली धरून बसलो होतो.

प्रशस्तिपत्रक दारावरून काढलं. तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे, बाकी सगळी भिंत करडी. आईनं तो चौकोन मला बोटानं दाखवला. 

पार्सल रजिस्टर पोस्टानं पाठवतो. शिक्का नीट बसला का ते मी दोनदा परत जाऊन बघणार, हे मला आत्ताच माहीत आहे. मिळालं की कळव. फोन केलास तरी चालेल. या वेळी 'जेवलीस का'च्या पुढे बोलेन.

तुझा बाबा,
माजी निरीक्षक

शनिवार, सकाळी ९.२०. बाहेर.